चालू पंख्याचे निर्लेखन

पर्यावरण हा विषय आपल्या महाविद्यालयांत आला तो न्यायालयाच्या वाटेने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पदवी वर्गांपर्यंत तो प्रत्यक्षात पोहोचायला मात्र २००४ साल उजाडले. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जे पाठ्यपुस्तक देशभर दिले ते पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी लिहिलेले होते, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांना आवर्जून सांगावीशी वाटते. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय कामालाही जागा होती. परंतु बहुतेक ठिकाणी त्याची परिणती कात्रणे चिकटवलेल्या वहीत झाली. विद्यार्थ्याने स्वतःच्याच महाविद्यालयाचा अभ्यास करावा आणि त्यावरून तिथला कारभार बदलावा, असे क्वचितच घडले. जिथे ते घडता घडता अडते, तिथे नेमके काय अडते हे मला बजबज येथे जवळून पाहता आले.

बजबज हे कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या डाव्या तीरावरचे गाव. सियालदहहून येणारी लोकलची शाखा इथे संपते. तेलाच्या टाक्या, तागाच्या गिरण्या आणि १९१४ च्या कोमागाता मारू प्रकरणाचे स्मारक ही त्याची ओळख. जवळच पुजाली येथे ७५० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोलकात्याच्या दिव्यांना आणि पंख्यांना लागणाऱ्या विजेचा एक मोठा वाटा इथून जातो. मागे उरणारी राख गलबतांत भरून नदीमार्गे बांगलादेशच्या सिमेंट कारखान्यांकडेही रवाना होते.

लेखा सेवेतील नोकरीमुळे मी त्या काळात कोलकात्यात होतो. या परिसरातील एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहण्यासाठी मला बोलावले. शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी आपल्याच इमारतीचा वीजवापर मोजला होता. आठवडाभर दर तासाला फिरून त्यांनी रिकाम्या वर्गांत चालू असलेले पंखे मोजले. कारण विचारले तर बेशिस्त, असेच कोणीही म्हणाले असते. मुलांना सापडलेले कारण वेगळे होते. कोणते बटण कोणत्या पंख्याचे, हे फळ्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. त्यामुळे एक पंखा लावायला सहा लावले जात आणि जाताना बंद करण्याचे काम कोणाचेच नसे.

त्यांचा दुसरा हिशेब मला अधिक मोलाचा वाटला. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर एका पंख्यामागे ९० युनिटे वाचतात. शंभर पंख्यांमागे ९,०००. एका युनिटाला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे सुमारे सहा टन कोळसा. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, म्हणजे दोन टन राख. ती कुठे जाते, हे त्या मुलांना पुस्तकात वाचावे लागले नाही. त्यांच्यातील एकीचे घर नदीकाठीच होते. ती म्हणाली, "स्यार, आमच्याकडे वाळत घातलेले कपडे झटकूनच घडी करतात."

अहवाल उत्तम होता, पण व्यवस्थापनाने तो कपाटात ठेवला होता. चालू स्थितीतील पंखे काढले तर लेखापरीक्षक आक्षेप घेतील, असे मला सांगण्यात आले. आमच्या खात्याच्या नावाने इतकी कामे अडवली जातात, की त्याचे मला आता नवल वाटत नाही. खरी अडचण मला निराळी दिसली. पंख्याची खरेदी एका लेखाशीर्षातून होते आणि विजेचे देयक दुसऱ्यातून भागते. खरेदी करणाऱ्याला स्वस्त वस्तू घेतल्याचे श्रेय मिळते, तर बचतीचे श्रेय कोणालाच मिळत नाही. न्यूनतम दराची निविदा दर वेळी महागडा पंखा निवडते, कारण त्याची पुढील दहा वर्षांची किंमत तुलनात्मक तक्त्यात नसतेच. शिवाय जुन्या वस्तूंच्या निर्लेखनासाठी समिती हवी, आणि ती बसवायची उठाठेव कोण करणार?

मी त्या मुलांना सांगितले, की अहवाल लिहू नका, टिपणी लिहा. अहवाल वाचून लोक कौतुक करतात. टिपणीवर मात्र कोणाला तरी 'होय' किंवा 'नाही' लिहावे लागते. लेखापरीक्षण नोंदवलेल्या कारणावर क्वचितच बोट ठेवते. बोट ठेवले जाते ते कारण न नोंदवता केलेल्या खर्चावर. त्यांनी दोन पानांची टिपणी केली. किमतीतील फरक १,५०० रुपये आणि युनिटाचा दर ८ रुपये धरला, तर वर्षाला ७२० रुपये वाचून फरक दोन वर्षांच्या थोडा पुढे फिटतो, एवढेच तीत मांडले. मागण्या तीन केल्या: बटणांवर क्रमांक घालावेत, जळालेला पंखा पुन्हा वाइंडिंग न करता नवा बसवावा, आणि वाचनालयाला स्वतंत्र मीटर द्यावा. चालू पंख्याचे निर्लेखन त्यांनी मागितलेच नाही.

तिन्ही मागण्या मान्य झाल्या. तोपर्यंत ती मुले पदवी घेऊन गेली होती. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो आणि इमारत तिथेच राहते, ही अशा कामांची सर्वांत मोठी उणीव आहे. म्हणून त्यांनी जाताना मीटरच्या नोंदवहीचा कार्यभार खालच्या वर्गाकडे रीतसर, सह्यांसह सोपवला, याचे मला विशेष वाटले. आम्ही अधिकारीसुद्धा बदलीच्या वेळी इतकी काळजी घेत नाही.

महाराष्ट्रात २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानाच्या रूपाने असाच एक मार्ग शासनाने आखला. जिल्हा प्रशासनाला भेडसावणारे प्रश्न महाविद्यालयांनी अभ्यासावेत आणि त्या अभ्यासाला शासनदरबारी मान्यता असावी, ही त्यामागील कल्पना. तिच्यातील तत्त्व महाविद्यालयाच्या आवारालाही लागू पडते. अभ्यास करणारा कोण आणि निर्णय घेणारा कोण, हे प्रकल्प सुरू होण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. हल्ली महाविद्यालयांच्या मूल्यांकनात हरित लेखापरीक्षणाची विचारणा होते. पुष्कळ संस्था ते बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतात आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. तेच काम विद्यार्थ्यांना दिले, तर संस्थेला आकडे मिळतील आणि विद्यार्थ्यांना कारभाराचे शिक्षण मिळेल.

वाचकहो, आपली मुले आज अनेक प्रांतांत आणि देशांत शिकत आहेत. त्यांनी असा काही प्रकल्प हाती घेतला, तर गुण किती मिळाले हे जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: तुमच्या कागदावर सही कोण करणार आहे? त्याचे उत्तर शोधताना त्यांना प्रशासन जितके समजेल, तितके आमची पुस्तके वाचून समजणार नाही.