रिंगखालचा आरोपी

लॉस एंजेलिसमध्ये १८ जून २०२१ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १९ जूनच्या सकाळी, युटा जॅझ या बास्केटबॉल संघाने यजमान क्लिपर्सविरुद्ध २५ गुणांची आघाडी घालवली. मध्यंतराला ७२-५०, तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला ७५-५०, आणि शेवटी क्लिपर्स १३१, जॅझ ११९. क्लिपर्सचा सर्वोत्तम खेळाडू कवाय लेनर्ड गुडघा दुखावल्याने बाहेर होता. त्याच्या जागी आलेल्या टेरन्स मॅनने ३९ गुण केले, त्यांतले २० एकट्या तिसऱ्या सत्रात. हा मॅन २०१९ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ४८ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. मोसमातल्या ७२ पैकी ५२ सामने जिंकून संपूर्ण एनबीएत पहिला आलेला जॅझ संघ, मालिकेत २-० ने पुढे असताना सलग चार सामने हरून घरी गेला. चाहत्यांनी आरोपी तिथल्या तिथे ठरवला: रूडी गोबेअर, ७ फूट १ इंच उंचीचा फ्रेंच सेंटर. त्याला त्याच महिन्यात वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा किताब तिसऱ्यांदा मिळाला होता. कोपऱ्यातून मॅन थ्री-पॉइंटर टाकतोय आणि गोबेअर रिंगखालून धावत उशिरा पोचतोय, ही चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरली. उंच सेंटरचा जमाना संपला, प्लेऑफमध्ये असा माणूस मैदानावर ठेवताच येत नाही, त्याला बसवून छोटा संघ उतरवायला हवा होता, असा निकाल लागला.

तो निकाल चुकीचा होता असं माझं ठाम मत आहे. बचावातली भेग दिसते शेवटच्या माणसापाशी, पण ती पडलेली असते पहिल्या माणसापाशी. जॅझच्या त्या पराभवात गोबेअर शेवटचा माणूस होता. पहिल्या फळीतले चौघे रोज फुटत होते आणि मोसमभर गोबेअर ते झाकत होता. त्या रात्री झाकण अपुरं पडलं, एवढंच.

नेमकं काय घडत होतं ते पाहू. क्लिपर्सचे प्रशिक्षक टायरन लू यांनी सुरुवातीच्या पाचांत सेंटरच ठेवला नाही. रेजी जॅक्सन, पॉल जॉर्ज, मॅन, मार्कस मॉरिस आणि निकोला बाटूम, पाचही जण बाहेरून शॉट टाकू शकणारे. पाच जण थ्री-पॉइंट रेषेबाहेर पसरले की रिंगखालची जागा मोकळी होते. गोबेअरला कुणाला तरी गार्ड करावंच लागतं. एनबीएच्या नियमानुसार प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष गार्ड करत नसलेला बचावपटू रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही. म्हणून जॅझने त्याला सगळ्यांत कमी धोक्याचा वाटणारा माणूस दिला: कोपऱ्यातला मॅन. आता जॅक्सन किंवा जॉर्ज आपल्या बचावपटूला चकवून ड्राइव्ह करतो. गोबेअरसमोर दोनच वाटा उरतात. कोपऱ्यात थांबला तर मोकळा ले-अप, रिंगकडे सरकला तर चेंडू कोपऱ्यात. कोपऱ्यातली थ्री-पॉइंट रेषा रिंगपासून २२ फुटांवर आहे. पास तिथे सेकंदाच्या आत पोचतो आणि माणूस, कितीही लांब हातांचा असला तरी, पोचत नाही. मॅनचे एकामागून एक शॉट अशाच मोकळिकीतून आले.

चाहत्यांच्या चित्रफिती नेमक्या इथून सुरू होतात: पास हवेत, गोबेअर धावतोय. त्याआधीची दोन सेकंदं कुणी दाखवत नाही. त्या दोन सेकंदांत जॅझचा गार्ड पहिल्याच पावलाला मागे पडलेला असतो. स्क्रीनसुद्धा, म्हणजे बचावपटूची वाट अडवणारा साथीदार, लागलेला नसतो कित्येकदा, समोरासमोर सरळ चकवलं जातं. डोनोव्हन मिचेलचा घोटा दुखत होता. माइक कॉन्ली मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने पहिले पाच सामने बाहेर बसून सहाव्यात कसाबसा परतला होता. बोयान बोग्दानोविच, जो इंगल्स आणि जॉर्डन क्लार्कसन तब्येतीने ठीक असतानाही चपळ गार्डसमोर टिकणारे नव्हते. रॉइस ओनील हा एकटा खरा बचावपटू, आणि एकटा माणूस जॉर्जला धरील की जॅक्सनला? कबड्डीत कोपरारक्षक आधी घाई करतो, साखळी तुटते, आणि चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावताना ज्याच्या हातून सुटतो त्याच्याच नावाने प्रेक्षक ओरडतात. तसंच हे झालं.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं खरं असलं तरी प्रशिक्षकाला बदल करता आला असता. २०१५ च्या अंतिम मालिकेचं उदाहरण हटकून दिलं जातं. गोल्डन स्टेट वॉरियर्स १-२ ने मागे असताना त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढून आंद्रे इग्वोडालाला आणलं, सामना १०३-८२ असा जिंकला, मालिकाही ४-२ ने जिंकली, आणि इग्वोडाला मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग जॅझचे प्रशिक्षक क्विन स्नायडर यांनी हेच का केलं नाही? उदाहरण चांगलं आहे, पण ते नीट वाचायला हवं. बोगट गेल्यावर वॉरियर्सकडे सेंटरच्या जागी ड्रेमंड ग्रीन होता, ६ फूट ६ इंचांचा, पण गार्डपासून सेंटरपर्यंत कुणालाही रोखणारा. त्याच्याभोवती इग्वोडाला, क्ले थॉम्प्सन, हॅरिसन बार्न्स. त्यामुळे स्क्रीन लागला की माणसं बेधडक अदलाबदल करायची आणि कुठेही कच्चा दुवा राहत नव्हता. छोटा संघ चालतो तो छोटा असल्यामुळे नव्हे, पाचही जण एकमेकांचं काम करू शकतात म्हणून. जॅझच्या बाकावर असा कुणीही नव्हता. गोबेअरला बसवलं असतं तर ओनीलला सेंटर करून बाजूला बोग्दानोविच, इंगल्स, क्लार्कसन, मिचेल उभे करावे लागले असते. मोकळे थ्री-पॉइंटर थोडे कमी झाले असते आणि त्यांच्या बदल्यात मोकळ्या ले-अपची रांग लागली असती. खेळाडूंची निवड त्या रात्री बाकावर बसून होत नव्हती. ती आधीच्या दोन उन्हाळ्यांत झाली होती. संघाने शूटर जमवले आणि त्या मोसमात सामन्यामागे १६ हून अधिक थ्री-पॉइंटर मारले. त्या शूटिंगची किंमत बाहेरच्या फळीच्या बचावाने चुकवली. गोबेअर मागे आहे, तो सांभाळून घेईल, हा त्यामागचा हिशेब. आणि खरंच, मोसमभर जॅझचा बचाव लीगमध्ये पहिल्या पाचांत होता. म्हणूनच ही भेग कुणाला दिसली नाही.

दुसरा आक्षेप नशिबाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. क्लिपर्सनी त्या सामन्यात ३९ पैकी २० थ्री-पॉइंटर टाकले. त्या मोसमात लीगची सरासरी ३७ टक्क्यांच्या आसपास होती. त्या हिशेबाने सुमारे १४ जायला हवे होते. सहा जास्तीचे म्हणजे १८ गुण, आणि पराभव १२ गुणांचा. कागदावर नुसत्या नशिबानेच सामना फिरला असं सिद्ध करता येतं. मला हे अर्धंच पटतं. शॉट आत जाणं हे काही अंशी नशीब, पण शॉट मोकळा मिळणं हे नशीब नाही. २५ गुणांनी पुढे असलेल्या संघाने प्रतिस्पर्ध्याला तोच मोकळा शॉट, त्याच कोपऱ्यातून, त्याच चालीतून पुन्हा पुन्हा दिला, तर एखाद्या रात्री ते शॉट जाणारच. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली. पहिल्या फेरीत डॅलस मॅव्हरिक्सचा लुका डोंचिच पहिले तीन सामने खेळला नाही, तरी त्यांतले दोन डॅलसने जिंकले. दुसऱ्या सामन्यात जेलन ब्रन्सनने जॅझच्या गार्डना हवं तेव्हा चकवत ४१ गुण केले आणि बाहेर उभ्या राहणाऱ्या मॅक्सी क्लीबरने आठ थ्री-पॉइंटर मारले. वेगळा प्रतिस्पर्धी, वेगळं वर्ष, भेग तीच. नशीब दोन वर्षं एकाच दारातून येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि चाहत्यांच्या वादात तो सगळ्यांत कमी ऐकू येतो याचं मला आश्चर्य वाटतं. क्लिपर्सनी सेंटर काढून टाकला तेव्हा त्यांनी एक धोका पत्करला होता. ६ फूट ८ इंचांचा बाटूम गोबेअरला रिंगखाली कसा अडवणार? दुसऱ्या एखाद्या उंच सेंटरने चेंडू मागून घेऊन, पाठीने रेटत, ठोकून गुण केले असते आणि लू यांना आपला सेंटर परत आणणं भाग पडलं असतं. गोबेअरला ते येत नाही. तो लॉब पकडतो, रिबाउंड घेतो, स्क्रीन लावतो, पण छोट्या माणसाला शिक्षा देऊ शकत नाही. म्हणजे क्लिपर्सचा छोटा संघ मैदानावर टिकला त्याचं एक कारण जॅझच्या बचावात नसून आक्रमणात होतं. गोबेअरची ही उणीव मी नाकारत नाही. पण ती मान्य केली की वाद बदलतो. मग तो बचावात कमी पडला असं म्हणता येत नाही. त्याच्या बचावाला मैदानावर जागा मिळावी इतकी आक्रमणाची साथ तो स्वतः देत नाही, म्हणून बाकीच्या चौघांची निवड जास्त काळजीने करावी लागते, असं म्हणावं लागतं.

उंच बचावपटूच्या वाट्याला हा अन्याय येण्यामागे मोजमापाचाही हात आहे. एनबीएत ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली ती १९७३-७४ च्या मोसमापासून. १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं जिंकणाऱ्या बिल रसेलच्या नावावर एकही अधिकृत ब्लॉक नाही. आता ब्लॉक मोजतात, पण जो शॉट टाकलाच गेला नाही तो कुठे लिहायचा? गार्ड आत शिरतो, गोबेअरला पाहतो, वळून बाहेर जातो. ही चाल चित्रफितीत येत नाही आणि स्कोअरकार्डातही नाही. २०१३-१४ पासून प्रत्येक स्टेडियमच्या छतावर कॅमेरे बसले, खेळाडूंचं पाऊल न् पाऊल टिपलं जाऊ लागलं, आणि संघांच्या विश्लेषकांना हे दिसायला लागलं. चाहत्यांच्या नजरेला मात्र अजून चेंडूच ओढून नेतो. चेंडू कोपऱ्यात असतो तेव्हा पहिल्या फळीत हरलेला गार्ड कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेलेला असतो.

यानंतर जे घडलं ते अशा वादात क्वचितच मिळणारं आहे: तोच खेळाडू, भोवतालचे जवळपास सगळे वेगळे. जुलै २०२२ मध्ये जॅझने गोबेअरला मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जला दिलं. बदल्यात पाच खेळाडू आणि पुढच्या वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या चार निवडी मिळाल्या. मिनेसोटाच्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला. पहिलं वर्ष अडखळतच गेलं. २०२३-२४ मध्ये मात्र या संघाचा बचाव लीगमध्ये पहिला आला, ५६ सामने जिंकले, आणि गोबेअरला चौथ्यांदा तोच किताब मिळाला. फरक काय होता? बाहेरच्या फळीत जेडन मॅकडॅनियल्स, अँथनी एडवर्ड्स, निकील अलेक्झांडर-वॉकर. चकवायला कठीण, हात लांब, पाय चपळ. कॉन्ली इथेही होता, पण इथे झाकायचा होता तो एकटाच. गोबेअरला दर चालीला कोपरा सोडून धावावं लागत नव्हतं.

इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि अडवायलाच हवं. त्याच प्लेऑफमध्ये गतविजेत्या डेन्व्हर नगेट्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात गोबेअर मुलाच्या जन्मामुळे खेळलाच नाही, आणि मिनेसोटाने डेन्व्हरच्या मैदानावर १०६-८० असा विजय मिळवला. गोबेअरशिवाय ८० गुणांवर रोखलं, मग तो हवा कशाला? मी हाच सामना माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मांडतो. त्या रात्री डेन्व्हरचा गार्ड जमाल मरे याला चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे आणतानाही श्वास घेऊ दिला गेला नाही. पहिली फळी फुटलीच नाही, तर शेवटचा माणूस कोण होता याने एका सामन्यापुरता फरक पडत नाही. ८२ सामन्यांच्या मोसमात मात्र पहिली फळी रोज तशी खेळू शकत नाही. दमलेल्या, फाउलमध्ये अडकलेल्या, हुकलेल्या रात्रींसाठी मागे गोबेअर लागतो. ती मालिका मिनेसोटाने सातव्या सामन्यात, २० गुणांची पिछाडी भरून काढत जिंकली, आणि तेव्हा तो मैदानावर होता.

राहता राहिला डोंचिचचा तो शॉट. मे २०२४, पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेचा दुसरा सामना, तीन सेकंद बाकी. रेषेबाहेर डोंचिचसमोर गोबेअर एकटा. डोंचिच एक पाऊल मागे सरकतो, थ्री-पॉइंटर टाकतो आणि डॅलस १०९-१०८ असा जिंकतो. त्या एका चालीपुरतं चाहत्यांचं म्हणणं मला मान्य आहे: तिथे डोंचिचसमोर सेंटर येऊच द्यायला नको होता, आणि गरज पडली असती तर गोबेअरला बसवून संघातला दुसरा उंच खेळाडू नाझ रीड याला ठेवायला हरकत नव्हती. शेवटच्या काही सेकंदांची निवड आणि पूर्ण मोसमाची निवड हे दोन वेगळे हिशेब आहेत. पण मालिका ४-१ ने गेली त्याचं कारण त्या शॉटमध्ये शोधू नये. डॅलसकडे डोंचिच आणि कायरी अर्व्हिंग असे चेंडू हाताळणारे दोघे होते आणि दोघेही पहिल्या पावलालाच बचाव फोडू शकत होते. मॅकडॅनियल्सला एकाच्या मागे लावलं की दुसरा उरायचा, आणि त्याला धरायचं काम एडवर्ड्सवर यायचं, ज्याच्या खांद्यावर संघाच्या आक्रमणाचाही सगळ्यांत मोठा भार होता. मिनेसोटाला उणीव भासली ती त्या दुसऱ्या मॅकडॅनियल्सची.