पोटाची माया

मार्च लागला की कोकणातल्या सकाळींना दोन वास येतात. एक आंब्याच्या उरल्यासुरल्या मोहोराचा, दवात भिजलेला, मंद. आणि दुसरा काजूच्या पिकल्या बोंडांचा, उग्र, गोडसर, घशाशी रेंगाळणारा. या दोन वासांमधून वाट काढत, पॅड छातीशी धरून, मुलं एसटीच्या थांब्याकडे निघतात, आणि एखाद्या वळणावर, करवंदीच्या जाळीआड, त्यांतलं एक पोर वाकून उभं राहतं. पुढे गेलेल्यांपैकी कुणीतरी हाक मारतं. ते हात वर करून 'आलो' म्हणतं, बाहीने तोंड पुसतं आणि चालू लागतं.

त्याचं नाव मला ठाऊक नसतं. त्याचं पोट ठाऊक असतं.

दहावीच्या त्या महिन्यात माझंही पोट असंच माझ्याआधी जागं व्हायचं. स्वयंपाकघरात फोडणी तडतडली, एरवी भूक चाळवणारा तो हिंग-मोहरीचा वास माजघर ओलांडून आला, की बरगड्यांखाली काहीतरी हलायचं, घुटमळायचं, घशापर्यंत चढायचं आणि पुन्हा खाली बसायचं. वरच्या ओठावर घामाचे गार थेंब. कानांना दडे. आदल्या रात्री तोंडपाठ म्हटलेलं प्रमेय तिसऱ्या ओळीवर अडलेलं, आणि आईने तळहातावर ठेवलेल्या दह्यावर साखरेचे दाणे अजून विरघळायचे असलेले. देवासमोर उभं राहून ते दही गिळायचं. तेवढंच तर करायचं होतं. पण तेवढ्यात जिभेखाली पाणी सुटायचं, भराभर, आवरेनासं. आणि परसातल्या केळींकडे धावावं लागायचं.

'अभ्यास झालाय ना? मग घाबरायचं कशाला?' कुणी ओसरीवरून विचारी. कुणी हसून म्हणे, 'पेपरच्या दिवशी बरं दुखतं पोट!' या बोलण्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण ओकून रिकामं झालेलं पोट एक वेळ सावरतं. आपलं दुखणं खोटं ठरलं ही बोच मात्र वर्गात सोबत येते आणि बाकावर शेजारी बसते.

आजी काही विचारत नसे. पाठीवरून हात फिरवत, चूळ भरायला तांब्या पुढे करत ती एवढंच म्हणे, 'पोटाक रागवू नये गो बाय. दावणीचं जनावर ता. वादळ येवच्या आधी हंबरता.'

पुढे कितीतरी वर्षांनी एका माणसाच्या पोटाविषयी वाचलं आणि आजीचा तो हात पुन्हा पाठीवर जाणवला. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक पुरतं बुजलंच नाही. विल्यम बोमाँट नावाचा लष्करी डॉक्टर वर्षानुवर्षं त्या भोकातून आत डोकावत राहिला. अन्न कसं पचतं ते त्याने पाहिलं, आणि हेही पाहिलं की माणूस रागावला किंवा भ्याला की जठराचं अस्तर पालटतं, कधी लाल आणि कोरडं पडतं, कधी फिकट होतं. १८३३ साली त्याने हे पुस्तकात लिहून ठेवलं. मनातली खळबळ पोटात उमटते, हे एका डॉक्टरने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सेंट मार्टिनचं पोट उघडं होतं, म्हणून जगाने त्याच्या भीतीवर विश्वास ठेवला.

मुलांची पोटं झाकलेली असतात.

त्या झाकल्या पोटापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते, मानेतून, छातीतून, काळजाच्या शेजारून. व्हेगस तिचं नाव. तिच्यातले बहुतेक तंतू खालची खबर वर नेतात. म्हणजे डोकं पोटाला जेवढं सांगतं, त्याहून कितीतरी जास्त पोट डोक्याला सांगत असतं. भीती दाटली की रक्त हातापायांकडे वळतं, जठराची चाल मंदावते, खाल्लेला घास जागच्या जागी थांबतो. देहाला सीट नंबर कळत नाही, प्रश्नपत्रिका कळत नाही. लेकरावर संकट आलंय एवढंच त्याला कळतं, आणि पळायची वेळ आलीच तर ओझं नको म्हणून तो पोट हलकं करू पाहतो. आणि ओकारीआधी जिभेखाली सुटणारं ते पाणी? जठरातलं आम्ल दातांना खाऊ नये म्हणून तोंड आधीच लाळेने भरून येतं. केळीखाली वाकून, डोळ्यांतून पाणी गाळत मी उभी असायचे, तेव्हाही माझ्याच देहात कुणीतरी माझे दात जपत होतं.

इतकी माया! आणि तिला आपण नाटक म्हणतो.

आता मार्चमध्ये मी वर्गात दुसऱ्या बाजूला उभी असते, पर्यवेक्षक म्हणून. घंटा होते, उत्तरपत्रिका वाटल्या जातात, बारकोडचं स्टिकर नीट बसलंय ना हे मुलं पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघतात. मध्यंतरी खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी होती. प्रश्नपत्रिका हातात पडली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पेन खाली. डाव्या हाताची मूठ पोटावर, उजव्या हाताची नखं बाकाच्या कडेला रुतलेली, आणि नजर समोरच्या फळ्यावर, जिथे वाचण्यासारखं काहीच नव्हतं. 'बाई…' एवढंच ती म्हणाली. शिपाईमावशी तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या. मी दारात उभी राहून एक डोळा वर्गावर ठेवला. माठातलं पाणी ती गटागट प्यायला निघाली, तसं मावशींनी तिचा हात धरला. 'घोट घोट घे.' एक घोट. मग थांबणं. मग श्वास, आत घेतलेला आखूड, बाहेर सोडलेला लांब, अगदी सावकाश. चौथ्या-पाचव्या श्वासाला तिचे खांदे कानांपासून खाली आले. परत येऊन बसली तेव्हा मळमळ गेलेली नव्हती, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. तरी तिने लिहायला घेतलं. शेवटी शेवटी पुरवणी मागायला तिचा हात वर आला, तेव्हा माझ्याच पोटातलं काहीतरी सैल झालं.

घरोघरी आयांना हे सगळं न शिकवता ठाऊक असतं. पेपरच्या सकाळी तेलकट-तिखट नको. मऊ भात, मेतकूट, चिमूटभर मीठ. तेही जात नसेल तर मूठभर लाह्या, कारण अगदी रिकामं पोट आणखी ढवळतं. दप्तरात आल्याची वडी. बसमध्ये खिडकीची जागा. घरातून थोडं लवकर निघणं, म्हणजे वाटेत थांबावं लागलं तरी छाती धडधडायला नको. आणि पाणीही पोटात ठरेना, ताप आला, पोटाच्या एकाच जागी दुखत राहिलं, परीक्षा सरली तरी उलट्या थांबल्या नाहीत, की मात्र डॉक्टरांकडे. तिथे परीक्षेवर बोट ठेवून मोकळं होऊ नये. पेपर बुडालाच, तर पुढे पुरवणी परीक्षा असते. वर्षाला दोन वेळा परीक्षा येते. पोराला देह एकच.

म्हणून उंबऱ्यावर उभ्या असलेल्या, ओठ पांढरे पडलेल्या लेकराला 'काही होत नाही' असं म्हणू नये. होत असतं. त्याला म्हणावं, 'मळमळतंय ना? मळमळू दे. पोटाला तुझी काळजी वाटतेय. त्याला सोबत घेऊन जाऊ.' मळमळ पुरती जाण्याची वाट न पाहता, तिच्यासकट बाकावर बसून, पहिलं वाक्य लिहिता येतं. तोंड पुसून परत आलेली मुलं ते लिहिताना मी दर मार्चला पाहते.