पाकिटाच्या मागच्या खिशातली

रोल धुऊन आला की स्टुडिओवाल्याच्या पाकिटाला दोन खिसे असायचे. पुढच्या खिशातले फोटो घरभर फिरायचे, शेजारी जायचे, त्यांतले दोन-चार कोणीतरी मागून न्यायचं आणि ते परत यायचे नाहीत. मागच्या खिशात ती असायची. चार-चार नाहीतर सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या, गडद नारिंगी, दोन्ही कडांना भोकांची रांग आणि कडेला बारीक आकडे: ११, ११ए, १२, १२ए. तिला कोणी मागून नेत नसे. एखादं पोर पट्टी खिडकीशी धरून बघायचं, आजीचे पांढरे केस काळे आणि आजोबांचे दातही काळे दिसले की हसायचं, आणि पट्टी पुन्हा खिशात जायची. पुढे फोटो पिवळे पडले, हरवले, अल्बमच्या पानांना चिकटून बसले. ती जिथे ठेवली तिथेच राहिली.

निगेटिव्हचा स्वभावच असा. दिसायला उलटी, वागायला सरळ.

हौशी मंडळींत फिल्म की डिजिटल हा वाद निघाला की बोलणं लवकरच दाण्यांवर, रंगांवर, लेन्सवर जातं. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांसमोर उभं राहून हा वाद मी पुष्कळदा ऐकला आहे आणि त्यात हिरिरीने बोललोही आहे. अलीकडे त्याला नवं वळण लागलं आहे. संगणकाच्या सुरक्षेचं काम करणारी तरुण मुलं जुने कॅमेरे गळ्यात अडकवून या घोळक्यात येतात आणि विचारतात, ‘काका, चित्र दिसतं कसं ते राहू द्या, ते सुरक्षित कुठे आहे ते सांगा.’ मला हा प्रश्न दाण्यांपेक्षा मोलाचा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हिची नीट ओळख हवी.

तिचा जन्म ऑगस्ट १८३५ मधला, इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये, लॅकॉक ॲबी नावाच्या वाड्यातला. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने एका छोट्या पेटीत चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद ठेवला आणि आपल्याच घरातल्या जाळीदार खिडकीचं चित्र घेतलं. आज हाती असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. आकाराने टपालाच्या तिकिटाएवढी. चार वर्षांनी पॅरिसमध्ये दागेर या संशोधकाची पत्र्यावरची चित्रं जाहीर झाली. ती कितीतरी रेखीव होती, पण प्रत्येक चित्र एकुलतं एक. टॅलबटच्या कागदावरून मात्र हव्या तेवढ्या प्रती काढता येणार होत्या. पुढची दीडशे वर्षं जग तिच्या वाटेने गेलं ते या गुणासाठी.

तिच्या अंगात जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे कण. उजेड लागलेले कण डेव्हलपरमध्ये काळी चांदी होतात, न लागलेले कण हायपोचं द्रावण विरघळवून नेतं. उजेड लागणं आणि डेव्हलपर या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे बटण दाबल्यापासून रोल धुवेपर्यंत, चित्र तिच्या पोटात असतं पण कोणालाही दिसत नाही. हा तिचा सगळ्यांत विलक्षण काळ आहे, आणि तो किती लांबू शकतो हे उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटाने दाखवलं.

जुलै १८९७ मध्ये सॉलोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश साहसवीर हायड्रोजनच्या बलूनमधून ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांच्या आतच बलून बर्फावर उतरलं. मग ते सामान ओढत महिनोन्‌महिने चालले आणि शरद ऋतूत क्विटोया नावाच्या ओसाड बेटावर मरण पावले. जगाला त्यांचं काय झालं ते कळलंच नाही. १९३० च्या उन्हाळ्यात बर्फ वितळलेलं असताना एका नॉर्वेजियन जहाजातल्या माणसांना त्यांचा तळ सापडला. स्ट्रिंडबर्गने टिपलेल्या फिल्मही मिळाल्या. तेहतीस वर्षं बर्फात, ओलीत, न धुतलेल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने त्या धुतल्या. सुमारे २४० पैकी ९३ चित्रं हाती आली. त्यांतल्या एका चित्रात बलून आडवं पडलेलं आहे आणि त्याच्याकडे बघत दोन माणसं उभी आहेत. टिपणाराही मेलेला, टिपलेलेही मेलेले, आणि तिने मात्र तो क्षण कोणाच्याही मदतीशिवाय जपलेला. हे चित्र मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

फिल्मवाले इथे विचारतात, ‘तिच्या जागी हार्ड डिस्क असती तर?’ सुरक्षावाला मुलगा शांतपणे उत्तर देतो, ‘काका, २४० मधून ९३ गेले की उरतात १४७. ती चित्रं कुठे आहेत? दुसरी प्रत होती का?’ नव्हती. त्याचं बोलणं खरं आहे आणि ते ऐकून घेतलं पाहिजे.

तिला वाचायला यंत्र लागत नाही. खिडकी पुरते. या साधेपणानेच एकदा मोठं काम केलं. ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेन छळछावणीत फ्रान्सेस्क बोइश हा स्पॅनिश कैदी छावणीच्या फोटो-विभागात कामाला होता. नाझींनी स्वतःच काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह त्याने आणि त्याच्या साथीदारांनी चोरून बाजूला काढल्या. छावणीबाहेर कामाला जाणाऱ्या तरुण स्पॅनिश कैद्यांनी त्या बाहेर नेल्या, आणि आना पॉइंटनर नावाच्या गावातल्या बाईने त्या आपल्या बागेच्या भिंतीच्या दगडांमागे दडवल्या. जानेवारी १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात बोइशने साक्ष दिली तेव्हा ही चित्रं पुरावा म्हणून समोर होती. पट्टी मुठीत मावते, भिंतीत राहते, आणि बाहेर आली की काल काय झालं ते जसंच्या तसं सांगते. सतरावी चौकट काढून टाकायची तर पट्टी कापावी लागते, आणि कापल्याची खूण राहते. सोळावी आणि अठरावी शेजारी उभ्या असतातच.

पण हीच पट्टी परक्याच्या हातात पडली तर? इथे तिची बाजू लंगडी आहे आणि मी ती लपवणार नाही. तिच्यावर कुलूप नाही, सांकेतिक लिपी नाही. जो उजेडात धरेल त्याला ती सगळं सांगते. रोल धुणारा माणूस घराघरातलं सगळं बघत असे, आणि आपण त्याच्या भलेपणावर विसंबून होतो. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणारी व्हिव्हियन मायर आयुष्यभर रस्त्यावरची माणसं टिपत राहिली आणि आपलं काम तिने जवळपास कोणालाच दाखवलं नाही. भाडं थकल्यामुळे गोदामातलं तिचं सामान २००७ मध्ये लिलावात निघालं. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह परक्या हातांत गेल्या. २००९ मध्ये ती वारली, आणि नंतर ती जगप्रसिद्ध झाली. चित्रं अप्रतिम आहेत. पण ‘हे दाखवू का?’ असं तिला कोणी विचारलं नाही, आणि निगेटिव्हला नाही म्हणता येत नाही.

फाइलला नाही म्हणता येतं. नीट कुलूपबंद केलेली फाइल किल्लीशिवाय नुसता गोंगाट असते, आणि ही आपल्या काळाची फार मोठी कमाई आहे. पत्रकाराला, पोलिसांपासून जपाव्या लागणाऱ्या साक्षीदाराला, नवऱ्याच्या जाचातून सुटलेल्या बाईला अशा फाइलची गरज आहे. अर्थात बेसावध माणसाची फाइल निगेटिव्हहून वाचाळ. डिसेंबर २०१२ मध्ये फरारी असलेल्या जॉन मॅकॅफीचा फोटो एका मासिकाने संकेतस्थळावर टाकला, आणि फोनने फाइलमध्ये गुपचूप नोंदवलेल्या अक्षांश-रेखांशांवरून तो ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. हा माणूस स्वतः व्हायरसरोधक सॉफ्टवेअरच्या कंपनीचा संस्थापक! निगेटिव्हने कधी कोणाचा पत्ता सांगितला नाही. चौकटीत जे दिसलं तेवढंच ती बोलते.

आणि ज्या कुलपाचं कौतुक करायचं तेच कुलूप घरच्यांनाही बाहेर ठेवतं. आज घराघरांत हे घडतं आहे. घरातला कर्ता माणूस अचानक जातो, त्याच्या फोनमध्ये दहा वर्षांचे फोटो असतात आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेलेला असतो. मुलं तो फोन कपाटात ठेवून देतात, फेकवत नाही म्हणून. सुरक्षेच्या सर्व कसोट्यांवर ते फोटो पूर्ण सुरक्षित असतात. अशा घरात बसून आलो की मला मागच्या खिशाची फार आठवण येते.

तर या वादात दोघांची भीती वेगवेगळी आहे. एकाला वाटतं, नको त्याने बघू नये. दुसऱ्याला वाटतं, हव्या त्याला दिसेनासं होऊ नये. दोघे एकमेकांच्या भीतीवर उत्तर न देता आपल्याच भीतीवर बोलत राहतात, म्हणून भांडण मिटत नाही. तिसरी भीती आता वाढते आहे: चित्र बदललं तर नाही ना? तिथे मात्र नव्यांनाही हिच्याकडेच बघावं लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायकाने असा कॅमेरा आणला की तो फोटो टिपतानाच फाइलवर डिजिटल सही करतो, म्हणजे पुढे कोणी काय बदललं ते तपासता येतं. फाइलला निगेटिव्हचा स्वभाव शिकवण्याचाच हा प्रयत्न आहे, आणि तो मला मनापासून आवडला.

तिचे आजार मात्र भयंकर आहेत. जुन्या सिनेमाची नायट्रेट फिल्म तर सहज पेट घेते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जमवलेला मूकपटांच्या आणि प्रभातच्या काळातला ठेवा जळाला. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. कितीतरी फिल्म तर चांदी काढण्यासाठी भंगारात विकल्या गेल्या. नंतरची ॲसिटेट फिल्म पेटत नाही, पण उष्ण दमट हवेत ती आतून कुजते आणि डबा उघडला की व्हिनेगरचा आंबट वास येतो. कोकणातल्या घरांत जिलेटिनवर बुरशी जाळं विणते. २६ जुलै २००५ ला मुंबईत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवरच्या कपाटांत जे भिजलं त्यात किती घरांचा मागचा खिसा गेला असेल! दुसरी प्रत कोणाकडे होती?

शिवाय ती वाट बघत थांबली तरी धुणारा उरायला हवा. तिची स्लाइड-बहीण कोडाक्रोम हिची धुण्याची रीत इतकी खास होती की जगात शेवटी एकच प्रयोगशाळा राहिली, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात. तिथेही ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद झालं. त्या दिवसानंतर ज्यांच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम राहिला, त्यांना त्यातले रंग आता मिळणार नाहीत. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समधून ‘इंदू’ नावाने रोल येत. तो कारखानाही बंद पडला.

कोडाक्रोम बनवणाऱ्या कोडॅकच्याच घरात निगेटिव्हची सवत जन्मली. १९७५ मध्ये रॉचेस्टरला स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. दहा हजार बिंदूंचं एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. एका कॅसेटवर किती चित्रं ठेवायची, तर त्याने तीस ठरवली, कारण रोल चोवीसचा किंवा छत्तीसचा असे. तिच्या मोजमापावरच तो पहिला कपडा बेतला गेला होता. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मी रोजचं काम डिजिटलवर करतो आणि त्याबद्दल मला काही खंत नाही. प्रत काढताना फाइलचं काही झिजत नाही, हजारावी प्रत पहिलीइतकीच खरी असते. हे सुख निगेटिव्हने कधी दिलं नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रुजवलेला नियम आज सगळे संगणकवाले सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. हा नियम पाळणाऱ्याचे फोटो कोणत्याही निगेटिव्हपेक्षा सुरक्षित आहेत, हे मी फिल्मवाल्यांच्या तोंडावर सांगतो. पण हा नियम पाळणारं घर मला क्वचितच भेटतं. फाइलला सतत कोणीतरी लागतं: डिस्क बदलणारं, पैसे भरणारं, पासवर्ड लक्षात ठेवणारं. निगेटिव्हला कोरडी, थंड जागा मिळाली तर ती दुर्लक्ष सोसते. आणि आपल्या घरांतून फोटोंच्या वाट्याला बहुतेक वेळा दुर्लक्षच येतं. म्हणून सामान्य घरापुरता माझा कौल तिला आहे.

माझी विनंती एवढीच आहे. माळ्यावरची ती पाकिटं खाली काढा. पत्र्याखालच्या माळ्याइतकी वाईट जागा तिच्यासाठी दुसरी नाही. पट्टी कडेने धरा, चौकटीवर बोट लावू नका. स्कॅन करून घ्या, प्रती भावंडांकडे द्या, आणि कोणत्या चौकटीत कोण आहे ते घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या. स्कॅन झालं म्हणून पट्ट्या टाकू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. सगळं एकदम जमणार नसेल तर रंगीत आधी करा. कृष्णधवल पट्टीतली चांदी नीट धुतलेली असेल तर पुष्कळ वर्षं थांबते, रंगीत पट्टीतले रंग थांबत नाहीत.