कॅमेऱ्यासमोरची प्रॅक्टिकल परीक्षा

"दाताच्या डॉक्टरांना रक्तदाब आणि मधुमेह कशाला शिकवता?" हा प्रश्न मला अनेक रुग्ण विचारतात. बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला जनरल मेडिसिन हा विषय असतो आणि त्याची प्रॅक्टिकल आम्ही फिजिशियन घेतो. एरवी ती वॉर्डात, रुग्णाच्या खाटेशेजारी होते. २०२१ मध्ये कोरोनामुळे कॉलेज बंद होते, म्हणून प्रिलिम ऑनलाइन घ्यावी लागली. विद्यार्थी आपापल्या घरी, मी माझ्या दवाखान्यात.

आम्ही 'ऑस्की' पद्धत वापरली. स्कॉटलंडमधील डंडी येथे डॉ. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये ती मांडली. यात एक लांबलचक केस देण्याऐवजी छोटी छोटी स्टेशन्स असतात आणि परीक्षक ठरलेल्या यादीप्रमाणे गुण देतो.

पहिल्या स्टेशनला मीच रुग्ण झालो. "डॉक्टर, दाढ दुखतेय, काढून टाका." हुशार विद्यार्थीही लगेच दाढेकडे वळले. काहींनी मात्र विचारले, "काका, रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी म्हणालो, "रक्त पातळ करणारी एक आहे. दाढ काढायच्या आधी चार दिवस बंद ठेवीन." एका मुलीने ठामपणे सांगितले, "स्वतःहून बंद करू नका. मी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलते." तिला पूर्ण गुण दिले. अशी गोळी अचानक थांबवली तर रक्ताची गुठळी होऊन झटका येऊ शकतो. दाढेच्या जागचे रक्त बहुतेक वेळा कापूस दाबून किंवा टाका घालून थांबवता येते.

दुसरे स्टेशन रक्तदाबाचे. कोणी आजोबांना, कोणी आईला खुर्चीत बसवले. पाठीला टेकू आहे का, पाय जमिनीवर आहेत का, दंड हृदयाच्या पातळीत आहे का, पट्टा बाहीवरून तर बांधला नाही ना, हे मला दिसत होते. पण स्टेथोस्कोपमधून त्यांना काय ऐकू आले, ते मला कळत नव्हते. नाडी मोजतानाही तेच. अॅनिमियाचा फिकटपणा तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात ओळखताच येत नाही. ट्यूबलाइटखाली सगळेच फिकट दिसतात.

म्हणून गुणपत्रिकेत मी दोन रकाने केले. विचारणे, समजावून सांगणे आणि पद्धत यांचे गुण तिथेच दिले. हाताच्या आणि कानाच्या कौशल्याचा रकाना रिकामा ठेवला. निकाल लांबेल म्हणून विद्यार्थी नाराज झाले. कॉलेज उघडल्यावर त्यांना पाच-पाच जणांच्या गटाने वॉर्डात बोलावून तो भाग पूर्ण केला. जे मी पाहिले नाही, त्यावर सही कशी करणार? उद्या यांच्याच खुर्चीत कोणी चक्कर येऊन पडला, तर नाडी बोटांनीच शोधावी लागणार आहे.

वाचकहो, यात तुमचाही वाटा आहे. दाताच्या डॉक्टरांकडे जाताना हे आवर्जून सांगा:

• रक्त पातळ करणारी गोळी (अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन)
• मधुमेह, रक्तदाब, हृदयाची कृत्रिम झडप
• हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेत असलेले औषध (त्याने क्वचित दाढ काढल्यावर जबड्याची जखम भरत नाही)
• औषधांची अॅलर्जी आणि गर्भारपण

डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगा. औषधांची चिठ्ठी सोबत न्या.