कंपालाची इस्त्री

एन्टेबीचा विमानतळ व्हिक्टोरिया सरोवराच्या अगदी काठावर आहे. तिथून कंपाला सुमारे ४० किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तांबडी माती, केळीची बने, मधूनच आंबा आणि फणस. कोकणच्या माणसाला वाटावे की आपण चुकून चिपळूणलाच उतरलो. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, पण शहर समुद्रसपाटीपासून १२०० मीटरांवर वसलेले असल्याने उकाडा असा नाही. दिव्याच्या खांबांवर मॅराबू करकोचे निवृत्त हेडमास्तरांसारखे टक्कल मिरवीत उभे असतात आणि खालच्या गर्दीकडे नापसंतीने पाहतात.

१९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना या देशातून नव्वद दिवसांत घालवून दिले होते. पुढे राजवट बदलली, काही जुने परतले, काही नवे आले. माझी थोरली मावसबहीण नव्यांपैकी. तिच्या घरी मी तीन आठवडे राहिलो, आणि कंपालाच्या सात टेकड्यांपेक्षा तिच्या घरातली इस्त्रीच माझ्या जास्त लक्षात राहिली.

आपल्याकडे इस्त्री म्हणजे सदरा, साडी, फार तर उशीचा अभ्रा. इथे बनियनला इस्त्री, मोज्यांना इस्त्री, पंचाला इस्त्री, बाळाच्या लंगोटांना तर दोन्ही बाजूंनी इस्त्री! वीज गेली तर घरकामाची बाई परसात कोळशाची इस्त्री फुलवून बसे. मी पहिल्या दिवशी हसलो, तेव्हा ताई म्हणाली, "हस हस. इथे ही चैन नाही रे, औषध आहे."

कारण आहे एक माशी. इथले लोक तिला 'मँगो फ्लाय' म्हणतात. शास्त्रज्ञांनी १८७२ साली तिला चक्क 'नरभक्षक' अशा अर्थाचे लॅटिन नाव ठेवले. माशी स्वतः बिचारी कुणाला चावत नाही. पिवळट तपकिरी, घरमाशीहून थोडी दांडगी. ती सावलीतल्या वाळूत, विशेषतः जिथे जनावरांनी घाण केली आहे तिथे, किंवा दोरीवरच्या दमट कपड्यांवर अंडी घालते. एका वेळी शंभर ते तीनशे. एक ते तीन दिवसांत अळ्या निघतात आणि उपाशीपोटी आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस, वाट पाहत पडून राहतात. अंगाची ऊब लागली की जखम नसलेल्या कातडीतूनही त्या शिरतात. त्याला मिनिटभरही पुरते, आणि बहुधा कळतही नाही. उंदीर आणि कुत्री ही त्यांची नेहमीची घरे. माणूस आपला वाटेत सापडतो. रखरखीत ऊन मात्र माशीला सोसत नाही, आणि तापल्या लोखंडापुढे अंड्यांचे व अळ्यांचे काही चालत नाही.

ताईची सून चार महिन्यांच्या मुलीला घेऊन नाशिकहून नुकतीच आलेली. नोव्हेंबरचा पाऊस, त्यात दोन दिवस वीज नाही, बाई रजेवर. लंगोट आणि दुपटी पडवीत वाळली आणि तशीच बाळाला लागली. आधी पाठीवर तीन लाल पुळ्या. डास चावले असतील म्हणून कुणी मनावर घेतले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी त्या गळवांसारख्या फुगल्या. एका दवाखान्यात केसतोड ठरला, मलम मिळाले. बाळ रात्री एकदम दचकून किंचाळे आणि पुन्हा गप्प होई. सूनबाई तिला खांद्यावर टाकून पहाटेपर्यंत येरझारा घालीत.

कामाची बाई रजेवरून आली. तिने बाळाला खिडकीच्या उजेडात पालथे धरले आणि क्षणभर पाहिले. प्रत्येक गळवाच्या मधोमध टाचणीच्या अग्राएवढे भोक होते, त्यातून पाण्यासारखा स्राव येत होता, आणि नीट निरखले तर भोकात दोन काळे ठिपके दिसत होते. ते ठिपके म्हणजे अळीची श्वासाची तोंडे. साध्या गळवाला ते नसतात, आणि साधे गळू आतून वळवळतही नाही.

"आत जिवंत आहे?" सूनबाईंनी विचारले आणि त्या मटकन खाली बसल्या.

जवळच्या नर्सने भोकांवर व्हॅसलीनचा जाड थर दिला. हवा कोंडली की अळी श्वासासाठी वर येते. मग दोन्ही बाजूंनी हलके दाबले की, फुगलेल्या भाताच्या शितासारखी पांढरी अळी अख्खी बाहेर. चिरडायची नाही, घाईने ओढायची नाही. तुकडा आत राहिला तर दुखणे वाढते. तीन अळ्यांना दहा मिनिटेही लागली नाहीत. बाळ त्या रात्री सलग झोपले. सूनबाई मात्र रडत बसल्या होत्या. ताई एवढेच म्हणाली, "तुझं काय चुकलं गं? या मातीची रीत तुला कुणी सांगितलीच नव्हती."

मग मी या माश्यांचा नादच घेतला. मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत हिची एक लांबची बहीण राहते. ती फारच कावेबाज! डासाला पकडून त्याच्याच पोटाला आपली अंडी चिकटवते, आणि डास चावायला बसला की अळी माणसात उतरते. म्हणून तिकडचे गळू डोक्यावर, हातापायांवर, म्हणजे उघड्या अंगावर. इथले कपड्याखाली, पाठीवर, कमरेवर, मांडीवर. इथली अळी आठ ते बारा दिवसांत आपण होऊन गळून पडते. तिकडची पाच ते दहा आठवडे मुक्काम ठोकते, आणि अंगावरच्या उलट्या काट्यांमुळे ती दाबून सहज निघत नाही, बहुधा डॉक्टरला लहानसा छेद घ्यावा लागतो. आपल्याकडे गुरांच्या जखमेत अळ्या पडतात ते प्रकरण निराळे; त्या माशीला आधी जखम लागते, मग ती बैलाच्या खांद्यावरची असो की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पायावरची. तेव्हा गळू कसे आहे यापेक्षा माणूस कुठून आला, हा प्रश्न कितीतरी मोलाचा. आफ्रिकेहून परतणाऱ्या प्रवाशांबरोबर ही अळी इतर खंडांतही पोचलेली आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला साधे गळू समजून औषधे दिल्याचीही उदाहरणे आहेत.

निघायच्या आदल्या रात्री ताईने माझी बॅग उपसून सगळे कपडे पुन्हा इस्त्रीखाली घातले. "मुंबईला गेल्यावर पंधरा दिवसांत कुठे पुळी आली, तर डॉक्टरला आधी कंपालाचं नाव सांग. नाहीतर तो पुळीच पाहत बसेल," असे बजावले. माझा पंचा मात्र तेवढा ओलाच होता. तो तिने ठेवून घेतला.