इशारा पातळी

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय विजू,



हे तोंडीच बोलायचं होतं, पण तुमच्या घरात दोन माणसांना निवांत बोलता येईल अशी जागा नाही, आणि उद्यमनगरात तुझ्या शेडवर आले तर कामगार हातातलं काम सोडून बघत बसतील. म्हणून लिहिते. तुला झोप नाही हे मला सुजातानं सांगितलेलं नाही. रात्री अडीच-तीनला तुझे मेसेज येतात, त्यावरून कळतं. ऑर्डरी थांबल्यात आणि बँकेचा हप्ता थांबत नाही, हेही माहीत आहे. पैशाचं आपण बसून बघू. आज दुसरंच सांगायचंय. 14416 हा नंबर लाव.

टेलिमानस म्हणतात त्याला. 10 ऑक्टोबर 2022 ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारनं ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बंगळूरच्या निम्हान्सची तिच्यावर देखरेख आहे. तुझे दाजी गेले त्यानंतरच्या थंडीत मी स्वतः तिथं बोलले आहे. घरात कुणाला ठाऊक नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते.

आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलतो. मला एक मुलगी मिळाली, आवाजावरून आपल्या प्राजूएवढी असेल. नाव सांगाच, असा आग्रह तिनं धरला नाही. "बोला काकू" म्हणाली. मी बोलायच्या आधी रडायलाच लागले, तर मध्ये एक शब्द बोलली नाही, थांबून राहिली. मग झोप लागते का, जेवण जातं का, सोबतीला कोण असतं, असं एकेक विचारत गेली. आणि शेवटी अगदी सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का? विजू, तो प्रश्न ऐकून मला हायसं वाटलं. भेटायला येणारी सगळी माणसं इतके दिवस तोच प्रश्न चुकवून माझ्याशी हवापाण्याचं बोलत होती.

तू म्हणशील, अक्का, मला माणसांची काय कमी आहे? खरंच नाही. तालमीतली पोरं आहेत, रात्री गंगावेशीत दूध प्यायला जमणारी मंडळी आहेत, वेळ आली तर जिवाला जीव देतील. पण मन मोकळं करायला गेलं की "टेन्शन घ्यायचं नाय भावा" म्हणतात, पाठीवर थाप मारतात, विषय तिथंच संपतो. आणि सकाळी तीच माणसं महाद्वार रोडला समोर येतात. ज्याला उद्या तोंड दाखवायचंय त्याच्यापुढं आपली पडती बाजू उघडी करवत नाही, लाल मातीत वाढलेल्या गड्याला तर नाहीच नाही. फोनवरचा माणूस तुझा कुणी लागत नाही. त्याला तुझा धंदा माहीत नाही, बापाचं नाव माहीत नाही. त्याच्याजवळ तू नुसता एक थकलेला माणूस असू शकतोस.

लंडनच्या चॅड वारा या पाद्र्याची हकिगत मला फार धरून ठेवते. 1935 साली एका कोवळ्या मुलीचा दफनविधी त्याच्या वाट्याला आला. पाळी आली, तो काही घाणेरडा रोग आहे असं तिला वाटलं, विचारायला कुणी नव्हतं, आणि तिनं जीव दिला. 1953 मध्ये त्यानं आपल्या चर्चमध्ये अशा माणसांसाठी फोन ठेवला. भेटायला येणारे इतके वाढले की ताटकळणाऱ्यांना चहा-कॉफी द्यायला स्वयंसेवक बसवावे लागले. आणि झालं काय, कितीतरी लोक त्या चहा देणाऱ्यांशीच बोलून हलके व्हायचे आणि आत न जाताच घरी परतायचे. 1954 च्या फेब्रुवारीत त्यानं ऐकण्याचं काम त्यांच्याच हाती सोपवलं. तीच समॅरिटन्स संस्था. आपल्या पुण्यातही कनेक्टिंग ट्रस्टचे स्वयंसेवक कित्येक वर्षं असंच ऐकत आलेत.

फोननं कर्ज फिटणार नाही, आणि एका फोनात माझंही सगळं निवळलं नव्हतं. त्या मुलीनंच मला डॉक्टरांना भेटायला सांगितलं. गरज दिसली तर तिथून मानसोपचारतज्ज्ञाशीही जोडून देतात. आपल्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहेच. एखाद्याशी सूर जुळला नाही, तर पुन्हा लाव, दुसरं कुणी उचलेल.

"मी काही त्या थराला गेलेलो नाही" हे तुझं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. पावसाळ्यात आपण रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 चा पूर बघितलेली आंबेवाडी-चिखलीची माणसं 43 ची वाट बघत बसत नाहीत. त्याआधीच जनावरं सोडवून बाहेर पडतात. 2022 साली देशात 1 लाख 70 हजारांवर माणसांनी जीव दिला. त्यातल्या दर दहांत सात पुरुष होते, आणि सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. तुला भीती घालायला हे लिहीत नाही. त्यातल्या कितीजणांच्या घरी आदल्या दिवशी "काही नाही, जरा दमलोय" एवढंच ऐकू आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

रविवारी सुजाताला आणि पोरांना माझ्याकडं पाठव. शेडचं शटर ओढून घे आणि फोन लाव. काय बोलणं झालं ते मला सांगायलाच पाहिजे असं नाही. संध्याकाळी जेवायला मात्र ये, आणि येताना बँकेचे कागद घेऊन ये. हप्ता पुढं ढकलून मिळतो का, ते विचारायला सोमवारी दोघं मिळून जाऊ.

तुझी,
अक्का