वळचणीचे पाणी

घराला पन्हळ असते, तशी मोटारीलाही असते, हे आमच्या नातवाला गेल्या वैशाखात प्रथमच कळले. त्यात त्याचा दोष नाही. आजच्या मोटारींत छत आणि बाजू यांच्या सांध्यातली खाच पट्टीखाली दडलेली असते. पण आप्पांनी १९६८ साली घेतलेल्या आमच्या फियाट अकराशेच्या दारांवरून पत्र्याची अरुंद नाली उघडी धावते. छतावरचे पाणी दार उघडणाऱ्याच्या मांडीवर न सांडता पुढे-मागे वाहून जावे, एवढेच तिचे काम. तिलाच कॅरिअरचे चिमटे अडकवून, वर ट्रंका बांधून आम्ही नवापूरच्या रस्त्याने खानदेशातल्या लग्नांना जात असू.

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. १९४४ साली ती कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. घराणे गुजराती, रुजले महाराष्ट्रात. आप्पा म्हणत, "ते तिकडे गेले, आपण इकडे आलो, हिशेब चुकता झाला." सुरतेत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना या वाक्यातले समाधान वेगळे सांगावयास नको.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा गाडी दारातच खिडक्यांपर्यंत बुडाली. ओसरल्यावर इंजिन उघडले, गाळ काढला, आसने उन्हात वाळवली. पुढे एका गॅरेजात रंगकाम करून घेतले. गाडी देखणी दिसू लागली, परंतु काही वर्षांनी प्रत्येक पावसात मागच्या आसनावर ओल येऊ लागली आणि छताच्या कडेने रंगाला फोड आले.

दाखवायला नेली, तर तिथल्या तरुण कारागिराने उपाय सुचवला : पन्हळ कापून टाकू, सांधा भरून घेऊ, छत नव्या गाडीसारखे गुळगुळीत होईल. चिरंजीवांना ते पटले. खरे सांगायचे तर क्षणभर आम्हीही भुललो. पण २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचे, तर ती मूळ रूपात असावी, सांगाड्यात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. पन्हळ गेली की ते रूपही गेले. आणि कागदांचे राहू द्या. आप्पांच्या हाताची सवय त्या कडेला होती. गाडी लावून झाली की ते बोटाने नालीतली पाने काढीत.

शेवटी रांदेरच्या एका वृद्ध पत्राकाम करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी आधी नालीतली पुट्टी खरवडली. रंगकामाच्या वेळी भेगा बुजवताना नालीची टोकेही बुजवली गेली होती! पाण्याला वाटच नव्हती. ते साचले, दोन पत्र्यांच्या फटीत शिरले आणि वातीत तेल चढावे तसे छताच्या पत्र्याखाली वर चढले. चाचा हसून म्हणाले, "भाऊ, नेवांनां पाणी मोभे चढ्यां." आम्ही म्हटले, "चाचा, आमच्याकडेही वळचणीचे पाणी आढ्याला जाते!" एकच म्हण, दोन भाषांत, आणि अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट आमच्या डोक्यावर घडलेली.

काम आठवडाभर चालले. जुन्या वेल्डिंगचे ठिपके ड्रिलने सोडवून कुजलेला तुकडा काढला. नवा पत्रा दुमडून, लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याला छताचा बाक दिला. टाके एका ओळीत न घालता एक या टोकाला, एक त्या टोकाला असे घातले. सलग तापवला तर पातळ पत्रा पीळ खातो. मग गंजरोधक रंग, सांध्यात लवचीक सीलंट, आणि शेवटी टोके मोकळी आहेत ना, हे तार फिरवून पाहिले. चिरंजीव पहिले दोन दिवस घड्याळ बघत होते. तिसऱ्या दिवशी पत्रा धरायला बसले.

पाऊस यायच्या आधी अंगणात नळीने पाणी सोडून पाहिले. छतावरचे पाणी नालीत उतरले आणि मागच्या टोकाने जमिनीवर पडले. आसन कोरडे राहिले.

पन्हळ पाणी अडवीत नाही, त्याला वाट देते. हे इतकी वर्षे त्या गाडीत बसूनही आमच्या ध्यानी आले नव्हते. बंद करून टाकणे हाच बंदोबस्त, असे आपण घरातही किती वेळा समजतो! गाडी विकावी की ठेवावी, हा आमच्या घरातला विषय असाच कित्येक वर्षे बुजवलेला होता. तो यंदा बोलून झाला. गाडी राहणार आहे. परवाच्या पावसानंतर चिरंजीव अंगणात उभे राहून बोटाने नालीतली पाने काढताना दिसले. आम्ही काही बोललो नाही.